सुगराबी आणि हरवलेला कबाब-पाव

शकूरच्या पुढून ताट परत आलं की सुगराबी आधी ताटाकडे पाही आणि मग त्याच्या तोंडाकडे. भाकरीचा एखादा तुकडा मोडलेला असायचा, कधी तेवढाही नाही. ती चुलीपाशी जाऊन दुसरं काहीतरी रांधायला घेई.

देऊळघाटात सुगराबी पिंजारीण सगळ्यांना ठाऊक होती ती पोराच्या काळजीमुळे. नवरा गेला तेव्हा शकूर रांगत होता. लोकांच्या गाद्या-रजया शिवून तिनं त्याला वाढवलं. तिच्या धाकट्या भावानं, गफ्फारनं, त्याला पिंजणीवर हात धरून शिकवलं. पोरगा मोठा झाला, पिंजण खांद्यावर टाकून कापूस पिंजायला बाजारगावं हिंडू लागला, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तो मोताळ्याला गेला की त्या वाटेनं येणाऱ्या गाडीवानांना अडवून ती विचारी, "माहा शकूर दिसला का, बापा?" दिसला म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न, "कसा दिसला?" एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "दोन हात, दोन पाय न् एक मुंडकं. सारं जागच्या जागी होतं, बाई." त्या दिवशी तिला खरोखरच बरं वाटलं.

अशा बाईच्या घरात त्या पावसाळ्याच्या अखेरीस मुदतीचा ताप शिरला. शकूर मरता मरता वाचला. ताप उतरला, पेजेवरचे दिवसही सरले, आणि बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "आता याला काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. नाहीतर तापानं सोडलेला पोरगा अशक्तपणानं हातचा जाईल." हे वाक्य सुगराबीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तिनं कोंबडीचं पाणी केलं, खिचडी केली, शेवया केल्या. शेजारची अंबूबाई माळीण मळ्यातून कोवळी वांगी घेऊन आली, तीही रांधली. शकूर दोन घास खाई आणि भिंतीकडे तोंड करून पडे.

"तुले काय खावं वाटते, बेटा? नाव तं घे," ती रोज विचारी.

आणि एके दिवशी त्यानं नाव घेतलं. "कबाब-पाव."

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. बुलढाण्याच्या थंड हवेत साहेबांचे बंगले होते, आणि बंगल्यांसाठी पाव भाजणारी भट्टीही होती. तिथला उरलेला पाव आसपासच्या मुसलमानी हॉटेलांत जाई. तो मधोमध कापून तव्यावर चरबीत शेकायचा, आत खिम्याचा चपटा गरम कबाब, वर कांदा आणि हिरवी चटणी, आणि दोन हातांत धरून खायचा. शकूरनं मागच्या हिवाळ्यात असा एक कुठंतरी खाल्ला होता, आणि आता पडल्या पडल्या त्याला तेवढाच आठवत होता.

"कुठं खाल्ला व्हता?"

शकूरनं डोळे मिटून आठवून पाहिलं. तापानं गावाचं नावच पुसून टाकलं होतं. "बुलढाण्यात असंन. नाहीतं मोताळ्यात. तो हॉटेलवाला कबाब तव्यावर टाकला की लोट्याच्या बुडानं दाबे. चर्र करे. तेवढं ध्यानात हाय."

एवढ्यावर गफ्फारमामू निघाले. बुलढाण्याच्या एका हॉटेलातून पळसाच्या पानात बांधून कबाब-पाव आणला. शकूरनं एक चावा घेतला आणि बाजूला ठेवला. "हा नव्हे." मग दुसऱ्या हॉटेलातला आणला. "हा थंडा हाय, मामू. पाव पाह्यना, रबरावानी झाला."

"इथवर आणेपर्यंत थंडा होणारच ना बे," गफ्फारमामू चिडून म्हणाले. मग बहिणीकडे वळले. "आपा, एक सांगू? कबाबले इकडं आणण्यापेक्षा पोराले तिकडं ने."

सुगराबीनं भावाकडे असं पाहिलं की जणू त्यानं पोराला विहिरीत ढकलायला सांगितलं. "त्याचं न्हाणं झालं नाही अजून."

त्यांच्या घरात रीत होती. जिवावरच्या दुखण्यातून उठलेला माणूस निंबाच्या पाल्याच्या पाण्यानं बरेपणाचं न्हाणं घेई, दानधर्म होई, आणि मगच तो उंबरठा ओलांडी. न्हाणं लवकर घातलं तर दुखणं उलटतं, असं सुगराबीच्या सासूनं तिला सांगितलं होतं, आणि सासूनं सांगितलेलं तिनं कधी मोडलं नव्हतं.

अंबूबाई दारात मेथीची जुडी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "मंग न्हाणं कधी घालतं?"

"चांगला जेवाले लागला की."

"म्हंजे न्हायल्याबिगर हा जेवाले जायाचा नाही, न् जेवल्याबिगर तू याले न्हाऊ घालायची नाही." अंबूबाईनं जुडी खाली ठेवली. "सुगरा, तू त्याले दोहीकडून कडी लावून ठेवलं की वं माय."

गफ्फारमामू हसले. सुगराबीला मात्र राग आला. "तुले हसू येते. तुह्या पोरांपायी तू मरीआईले नवस करतं तवा मी हसली का?"

"नाही हसली," अंबूबाई म्हणाली. "मी बी नाही हसून राह्यली. ते गफ्फारभाऊ हसून राह्यले."

ती गेली तरी तिचं बोलणं घरातून गेलं नाही. सुगराबी त्या दिवशी टाके चुकत राहिली. रीत मोडावी आणि दुखणं उलटावं, तर दोष कोणाचा? आणि रीत पाळावी आणि पोरगा असाच भिंतीकडे तोंड करून संपून जावा, तर? सासू असती तर तिला विचारता आलं असतं. आता विचारायला कोणी नव्हतं. हे कोणीतरी ठरवायला हवं होतं आणि घरात तिच्याशिवाय मोठं कोणी नव्हतं.

सकाळी तिनं पाण्यात निंबाचा पाला टाकून हंडा चुलीवर ठेवला. शकूर न्हाणीत दगडावर बसला. तिनं पाठीवर पाणी ओतलं तेव्हा हाताला त्याची हाडं लागली. कापूस काढून घेतल्यावर रिकामी गादी लागते तसं ते अंग लागत होतं. तिचा हात थांबला.

"काय झालं, अम्मा?"

"काही नाही. डोळे मीट, पाणी जाईन." अल्लाकडे तिनं एवढंच मागितलं की चूक झालीच असेल तर ती माझ्या नावावर लिही, याच्या नाही.

मोताळ्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे गफ्फारमामूंनी दमणी, म्हणजे लहानशी बैलगाडी, जुंपली. खाली जाड रजई, शकूरच्या अंगावर दुसरी, डोक्याला मफलर. सुगराबी त्याला टेकून बसली आणि सगळ्या वाटेनं त्याच्या पायावरची रजई सारखी करत राहिली.

बुलढाण्यात चाखून पाहायची दोन हॉटेलं उरली होती. बायका अशा हॉटेलात जात नसत, म्हणून ती दमणीतच बसली आणि मामा-भाचे आत गेले. ते पहिल्या हॉटेलातून बाहेर येताच तिनं भावाला विचारलं, "खाल्लं का?"

"खाल्लं ना. अर्ध्याच्या वर."

दुसऱ्या हॉटेलातूनही तेच उत्तर आलं. "हा नव्हे म्हणला, पण खाल्लं. जवळजवळ सारंच."

सुगराबीचा चेहरा उजळला. मोताळ्याकडे राजूरचा घाट उतरताना मात्र गफ्फारमामू सारखे ढेकर देऊ लागले, छातीवर हात चोळू लागले. एका वळणावर त्यांनी बैल थांबवले आणि उतरून बराच वेळ वाकून उभे राहिले. शकूर रजईतून म्हणाला, "मामू, मी सांगतलं व्हतं ना, उरलेलं फेकून द्या म्हणून."

सुगराबीनं भावाकडे पाहिलं. "गफ्फार. याचं उरलेलं तू खाल्लं?"

"मंग काय करू? ताट तसंच राह्यलं म्हणून सांगतलं असतं तं तू तिथंच रडत बसली असती."

"म्हंजे यानं काहीच खाल्लं नाही."

"दोनी ठिकाणी मिळून दोन घास," गफ्फारमामूंनी कबूल केलं आणि पुन्हा ढेकर दिला.

न्हाणं घातलं, उंबरठा ओलांडला, आणि पोरगा होता तसाच होता. परत फिरावं असंही तिच्या मनात आलं. पण घाटाखालचं मोकळं रान लागलं तसा शकूर उठून बसला, मफलर सोडला, आणि वेचणीला आलेल्या कपाशीकडे पाहत राहिला. "या खेपी बोंड चांगलं हाय," तो म्हणाला. तिनं मफलर पुन्हा गुंडाळला. त्यानं पुन्हा सोडला.

मोताळ्याचा बाजार भरात होता. एका कडेला, पत्र्याखाली, जहांगीरभाईचं हॉटेल होतं. दोन बाकडी, एक मोठा तवा, आणि तव्यामागे घामानं निथळलेला जहांगीरभाई. गफ्फारमामूंनी शकूरला हात दिला, तशी सुगराबीही दमणीतून खाली उतरली.

"आपा, तू कुठं?"

"मले माह्या डोळ्यानं पाहायचं हाय."

तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि सरळ आत जाऊन बाकड्याच्या टोकाला बसली. खाणारी माणसं क्षणभर थांबली. एक म्हातारा उठून पलीकडे सरकला. जहांगीरभाई उलथनं हातात धरून पाहत राहिला.

गफ्फारमामूंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्ही कबाब लोट्यानं दाबता का, भाई?"

"लोट्यानं मी पाणी पेतो," जहांगीरभाई म्हणाला. "खायाचा हाय का नुसता तपास करून राह्यले?"

कबाब-पाव आला. कबाबाची एक बाजू करपली होती आणि पावाच्या कडा कडक होत्या. तो दिसताच सुगराबीला कळलं की हा तो नव्हे. शकूरनं चावा घेतला, चावला, गिळला.

"हा नव्हे," तो म्हणाला.

तिनं भावाला नजरेनंच खूण केली, ताट उचल. गफ्फारमामूंनी छातीवर हात ठेवून नकाराची मान हलवली, तरी हात पुढे केला. शकूरनं ताट आपल्याकडे ओढलं.

"यात मीठच नाही," तो म्हणाला आणि दुसरा चावा घेतला. "कांदा बी किती मोठा चिरला. पाव परवाचा दिसते." तिसरा घास तोंडात होता. "न् हा करपला कसा, भाई? तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

जहांगीरभाईनं उलथनं तव्यावर आपटलं. "नापसंत हाय तं ठेव ना बे. कोणी गळ्यात घातला का?"

"काऊन ठेवू?" शकूर भरल्या तोंडानं म्हणाला. "भूक लागली ना मले."

सुगराबीनं ऐकलं. तिनं दोन्ही हातांनी बाकड्याची फळी घट्ट धरली. शकूर चटणी बोटानं पुसून खात होता आणि चटणीलाही नावं ठेवत होता. ताट कोरडं झालं.

"आणखी एक द्या, भाई," ती म्हणाली. मग तिनं दोन बोटं वर केली. "एक त्याले, न् एक मले. त्याच्यात मीठ टाका."

जहांगीरभाईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मफलरमधल्या त्या खप्पड चेहऱ्याकडे. तापातून उठलेली माणसं त्यानं पाहिली असावीत. त्यानं नवा खिमा घेतला, मीठ टाकलं, आणि तव्यापाशीच उभा राहून कबाब उलटत राहिला.

तो दुसरा कबाब-पावही शकूरला पसंत पडला नाही. सुगराबीला मात्र पडला. पोरगा आजारी पडल्यापासून आपण काय खाल्लं हे तिला आठवत नव्हतं. पदराआड तिनं तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

परत निघाले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मुक्काम बुलढाण्यात करायचा होता. घाट चढता चढता शकूर मामांशी वाद घालत होता की ते हॉटेल मलकापूरलाच असणार, ठेसनापाशी, आता त्याला पक्कं आठवतंय. गफ्फारमामू म्हणत होते की मलकापूरला जा, पण तुझं पोट तू घेऊन जा, माझं नेऊ नको.

"बुलढाण्यात आज जेवाले काय भेटंन?" शकूरनं विचारलं. "अम्मा, तू सोबत काय आणलं?"

सुगराबी दमणीच्या कठड्याला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. गाडी दगडावरून उडाली तरी तिला जाग आली नाही.

"झोपू दे तिले," गफ्फारमामू हळूच म्हणाले. शकूरनं आपल्या अंगावरची रजई काढून तिच्या पायांवर घातली आणि गाठोड्यात भाकर आहे का ते स्वतःच चाचपून पाहू लागला.