माझा हात ढकल

"माझा हात ढकल, बाबा. हातानं न्हाय, छातीनं."

नर्सबाय दोन्ही तळवे माणसाच्या फासळ्यांवर ठेवून एवढंच म्हणायची. तुम्ही तिला आमच्या किनाऱ्यावरच्या पाली गावच्या गल्लीत पाहिलं असतंत, तर नर्स म्हटलं नसतंत. गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी पाय, कानांत जड कड्या. पण मुंबईच्या एका इस्पितळात तिने वीस वर्षं काढली होती. छाती कापलेल्या माणसांना पुन्हा श्वास घ्यायला शिकवणं हे तिचं काम.

लढाईच्या दिवसांत माझ्या नवऱ्याच्या हृदयाभोवती पू झाला. मुंबईला बरगडी कापून तो काढला. त्याला घरी आणलं तेव्हा होडी ओढणारा हा माणूस उंबरा ओलांडतानाही धापा टाकत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखतं म्हणून श्वास चोरला तर छातीत कफ साठेल, मग आमच्या हातात काही नाही.

नर्सबाय न बोलावता आली. दोन बाटल्या, मध्ये रबराची नळी. एका बाटलीतलं पाणी फुंकून दुसरीत न्यायचं, दर तासाला. जखमेवर उशी दाबून खोकायचं. तो कळवळायचा, तिला शिव्या द्यायचा.

"दे शिव्या. मोठ्यानं दे. शिवीला बी दम लागतो."

तो हसायचा, आणि हसण्याने पुन्हा कळ यायची.

पंधरा दिवसांत तो अंगणापर्यंत चालू लागला. मग शेजारच्या राई गावाहून एका बाळंतिणीचं बोलावणं आलं. जाताना तिने माझं मनगट धरलं. "दोनच दिस. त्याची दया करू नको, पोरी."

मी केली. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे ना." त्याचा चेहरा पाहवेना. बाटल्या मी फळीवर ठेवून दिल्या. दोन दिवस तो निवांत झोपला. मला वाटलं, आराम पडतोय.

ती परतली तेव्हा त्याच्या अंगात कणकण होती.

"सगळं केलंस ना?"

"केलं," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघून भिंतीकडे वळला.

पाठीला कान लावून ती बराच वेळ बसली. "खाली वाराच जात न्हाय." मग ती घरी गेलीच नाही. त्याला कुशीवर वळवायची, पाठ थोपटायची, कफ सुटावा म्हणून विनवायची. मुंबईला न्यायला होडी ठरवली, पण तो हलवण्याजोगा उरला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. तिचे हात फासळ्यांवरच होते. मी ते एकेक करून उचलले.

माती दिल्यावर ती म्हणाली, "तू तर सगळं केलंस. म्हंजे माझंच काय तरी चुकलं."

मी तिच्या लुगड्यावरची माती झटकली.

त्यानंतर तिने कुणाला हात लावला नाही. गल्लीतल्या एका मुलीला निमोनिया झाला. तिची आई दारात येऊन रडली, तर नर्सबाय म्हणाली, "माझ्या कानावर इसवास ठेवू नको." मुलगी कशीबशी वाचली.

शेवटी सगळं सांगायचं ठरवून मी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण मासळी सुकवत होती.

"परवाच गेली वसईला, भावाकडं. आता येत न्हाय म्हणाली. आमची होडी उद्या तिकडंच जातेय. काय निरोप हाय?"

मी कुलूप एकदा ओढून बघितलं.

"न्हाय," म्हटलं.