नानांचे दोन अर्ज

नानांच्या हाती लग्नपत्रिका दिली तरी ते आधी वाचत नसत. उजव्या अंगठ्याचे नख अक्षरांवरून फिरवीत आणि म्हणत, "वरवर हाय. घासली की जाईल." भोरच्या तहसील कचेरीसमोर माझी बैठक आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदी हा माझा व्यवसाय असल्याने भोर-वेल्ह्याची माणसे मला चेहऱ्यावरून वाचता येतात. नखाने कागद वाचणारा इसम मात्र हा एकच पाहिला.

नाना मूळचे वेल्ह्याच्या डोंगरातले. सारोळ्याच्या बाजूला हमरस्त्यालगत साचे बनवणारा एक लहान कारखाना आहे, तिथे त्यांची हयात गेली. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणावर जी अक्षरे उमटलेली असतात, ती आधी पोलादी साच्यात उलटी कोरावी लागतात. त्यासाठी मशिनीत गोल टोकाचा, सुईसारखा बारीक कटर लावतात. नानांचा कटर अर्ध्या मिलिमीटरचा आणि खाच त्याहूनही उथळ. तेवढी खाचसुद्धा ते एका दमात घेत नसत. "कांद्याचा पापुद्रा काढावा तसं घ्यायचं," असे सांगत.

गोल कटरचे अगदी मधले टोक कापत नाही, नुसते रगडते, हे मला त्यांनीच समजावले. म्हणून ते पोलादाच्या तुकड्याखाली पाचर सारून तो किंचित कलता ठेवीत आणि कटरच्या कुशीकडून काम घेत. ही रीत मी माझ्या व्यवसायातही अवलंबिली. साहेबांच्या चुकीवर थेट बोट न ठेवता बाजूने जावे, काम होते.

असा कटर मोडला तर डोळ्यांना दिसत नाही, कारण वरून तेलाची धार चालू असते. मोडके थोटूक तसेच फिरत राहिले तर साचा वाया जातो. मोडलेले ओळखायचे ते कानाने. आणि नानांचे कानच गेले. तपासणीत ते उघड झाल्यावर मालकांनी त्यांना मशिनीवरून काढून माल बांधायला बसवले. पगार तोच ठेवला होता. तरीही नाना दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर येऊन बसले.

मी अडीच पानी अर्ज तयार केला. राज्यघटनेपासून आरंभ करून तो माणुसकीपर्यंत आणला होता. मोठ्याने वाचून दाखवल्यावर नानांनी पहिल्या पानावर नख फिरवले. "लई खोल घुसलात, भाऊसाहेब. मोडंल." मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून मी विचारले की नेमके काय हवे. शेवटी चार ओळी उरल्या. मला कानाने कळत नसले तरी बोटांना कळते. माझ्या कानात कापूस घालून परीक्षा घ्यावी. उतरलो तर मशीन परत द्यावी. एवढेच.

मालकांनी ते मान्य केले. अर्ज माझ्या हातचा असल्याने मीही हजर राहिलो. हमखास मोडतील असे तीन झिजलेले कटर मालकांनी निवडले. नानांनी तुकडा पकडणाऱ्या शिकंजावर दोन बोटे टेकली आणि डोळे मिटले. पहिला कटर मोडला त्याच क्षणी त्यांनी मशीन थांबवली. दुसऱ्या वेळीही तसेच. मी हसून मालकांकडे पाहिले. तेही हसत होते.

तिसऱ्या वेळी आवाज बदलला. मशिनीतले ओ की ठो न कळणाऱ्या मलाही तो बदललेला कळला. नानांची दोन बोटे शिकंजावर होती तशीच राहिली. चेहरा शांत होता. मालकांनी हात पुढे करून बटण दाबले, तेव्हा नानांनी डोळे उघडले.

मालक माणूस भला. तिनातले दोन म्हणजे पुष्कळ झाले, उद्यापासून मशिनीवर या, असे त्यांनी हातवारे करून सांगितले. नानांनी तेल पुसले, खाचेवरून नख फिरवले. जिथे थोटूक रगडले होते तिथे ते अडकले.

"ह्यो साचा असता, तर गेला असता," ते म्हणाले. "म्या तर निवांत उभा व्हतो."

परतताना ते माझ्याबरोबरच एसटीत बसले. भोरला उतरल्यावर थेट माझ्या बैठकीवर आले आणि दुसरा कागद काढायला सांगितला. मी नेहमीप्रमाणे 'प्रकृतीच्या कारणास्तव' असे लिहिले. त्यांनी ते शब्द खोडायला लावले.

"कारण खरं लिवा. बोटाला कळलं न्हाई म्हणून मशीन नको."

मी समजावून पाहिले की मालक स्वतः देत आहेत, असे लिहून देण्याची कायद्याने काही गरज नाही. नाना ऐकेनात, म्हणजे त्यांना ऐकूही येत नव्हते आणि ऐकायचेही नव्हते. सही करून त्यांनी कागद माझ्याकडेच ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने गावी गेले. पुन्हा कारखान्यात आले नाहीत.

तो अर्ज मी स्वतः मालकांना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि पोच द्यायचे टाळले. आपला हक्क आहे असे सांगणारे अर्ज मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. आपला हक्क उरला नाही असे सांगणारा तो एकच, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता.