दुधाची दाढ आणि बी.एस्सी.

वाशीम जिल्ह्यात आजवर हुशार माणसं पुष्कळ झाली असतील, नाही म्हणत नाही. पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, रसायनशास्त्राच्या भर तासाला जिची शेवटची दुधाची दाढ पडली, अशी विदुषी या जिल्ह्यात एकच, आणि ती माझी वर्गमैत्रीण होती. हे मी कोणालाही, कुठेही, न विचारता सांगते. आमच्या घरचे तर मी तोंड उघडलं की आता दाढ येणार हे ओळखून उठून जातात. तेव्हा ती साडेअकरा वर्षांची होती आणि मी एक्केचाळीस. आमच्या दोघींच्या मधल्या वयाची सगळी पोरंपोरी मागे बसायची आणि पहिला बाक आमचा. मला फळ्यावरचं नीट दिसत नसे म्हणून मी पुढे, आणि पुढच्यांची डोकी आड येत म्हणून ती पुढे.

पहिल्या दिवशी ती बाकावर येऊन बसली आणि पाय हलवू लागली. ते जमिनीला टेकत नव्हते. मला वाटलं, कोणा प्राध्यापकांची मुलगी असेल. मी प्रेमाने विचारलं, "बाई, कोनासंगं आली तू? माय कुठी हाय तुयी?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "माय वावरात गेली. तुमचं पोरगं कोन्त्या वर्गात हाय?" मी उत्तर देणार तेवढ्यात गणिताचे सर आले. ते नवीन होते. त्यांनी हसून पण ठामपणे सांगितलं, "पालकांनी वर्गात थांबू नये. आणि मुलीलाही बरोबर घेऊन जा." आयुष्यातल्या पहिल्या लेक्चरला आम्ही दोघी मायलेकी म्हणून बाहेर काढल्या गेलो. व्हरांड्यात उभ्या राहून एकमेकींचा खुलासा झाला. तिने विचारलं, "तुमी खरंच शिकाले आल्या?" मी म्हटलं, "व्हय. पोरगं बाहेरगावी शिकाले गेलं, घरात काम उरलं नाई. अन् तू?" "मी बी शिकालेच." मग थोडा विचार करून म्हणाली, "मंग एका वर्गातल्याच झालो ना आपन. मंग तुमी कायले म्हनू? तूच म्हनीन." झालं. त्या दिवसापासून या चिमुरडीने मला जे अरेतुरे सुरू केलं, ते पदवी मिळेपर्यंत थांबलं नाही.

आम्ही दोघीही शेलूबाजारच्या, पण गावाच्या दोन टोकांच्या; तिच्याबद्दल ऐकून होते, तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान, आई शेतात जाते. चौथीत असताना ही दहावीची गणितं तोंडी सोडवायची, तेव्हा तिच्या शाळेतल्या गुरुजींनी अर्जांमागून अर्ज केले. मोठमोठे साहेब येऊन तिची परीक्षा घेऊन गेले. दहावी-बारावी तिने खास परवानगीने दिली. विहारात तिचा सत्कार ठेवला होता, तर भाषणं इतकी लांबली की सत्कारमूर्ती आईच्या मांडीवर झोपून गेली आणि हार आईच्याच गळ्यात घालावा लागला. कॉलेजची परवानगीही आली, पण तिला एक अट होती. पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत पास व्हायचं, एकही राहता कामा नये. राहिला, तर प्रवेश रद्द आणि वयाप्रमाणे सातवीच्या वर्गात. बारावी पास होऊन पुन्हा सातवी! तिला नापासाची भीती नव्हती, सातवीची होती. "मले पुन्हा अपूर्णांक शिकवतीन व," असं ती म्हणे आणि खरोखर तिचे डोळे भरून येत.

आता माझ्या नावाबद्दल सांगायला हवं. माहेरची मी वनिता. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात नवं नाव काढलं, अर्चना. तेव्हापासून गावात मी अर्चना वहिनी, आणि आमच्या ह्यांचं कृषी केंद्र असल्यामुळे नव्या पिढीला खतवाल्या काकू. माहेरी आता आईही 'बाई' म्हणते. पण बारावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं होतं, त्यामुळे कॉलेजच्या हजेरीत मी वनिता झाले. पहिले काही दिवस सर "वनिता" पुकारत आणि मी शांतपणे इकडेतिकडे बघत बसे, कोण ही बिचारी रोज गैरहजर राहते म्हणून. शेवटी माझ्या वर्गमैत्रिणीने कोपराने ढोसलं, "तुलेच बलावून राह्यले ना! हात वर कर." मी हात वर केला. पुढेही मी नाव विसरायची आणि ती ढोसायची. माझ्या बरगड्यांनी वर्षभर सोसलं, पण मला खोटं बोलायचं नाही, "ए वनिता" अशी हाक ऐकली की मला आतून फार बरं वाटायचं. जगात त्या नावाने हाक मारणारी तेवढी एकच होती.

शिकवणारी म्हणून ती भयंकर होती. मला कलनातलं, म्हणजे कॅल्क्युलसमधलं, काही उमजलं नाही की ती कपाळाला हात लावी आणि तिच्या आजीच्या सुरात म्हणे, "काय करू बाप्पा या पोरीचं!" ही पोरगी म्हणजे मी. माझं पाठांतर कच्चं आहे हे कळल्यावर तिने उपाय काढला. मधल्या सुटीत व्हरांड्याच्या फरशीवर खडूने लंगडीची घरं आखली आणि प्रत्येक घरात एकेक सूत्र अर्धं लिहिलं. उरलेलं अर्धं म्हणायचं आणि मगच पुढच्या घरात उडी मारायची. चुकलं तर पहिल्यापासून. खतवाल्या काकू पदर खोचून एका पायावर उड्या मारत "कॉस एक्स, वजा साइन एक्स" ओरडतायत, हे दृश्य पाहायला इतिहासाचे विद्यार्थी पलीकडच्या इमारतीतून येत. मला लाज वाटली नाही असं नाही. पण ती सूत्रं अशी बसली की आजही एखादं आठवायचं म्हटलं की माझा डावा पाय आपोआप उचलला जातो.

कॉलेजला येता-जाता आम्ही काळी-पिवळी जीपने प्रवास करायचो. जीपवाला सीट वाचावी म्हणून तिला माझ्या मांडीवर बसवी. तिथे बसून ती जाड इंग्रजी पुस्तक वाची, खड्डा आला की माझ्या हनुवटीवर तिचं डोकं आदळे. एकदा शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "कितवीत हाय तुमची पोरगी?" मी म्हटलं, "माह्या वर्गात." ती बाई सरकून बसली, म्हणजे जेवढं जीपमध्ये सरकता येतं तेवढं. अशी ही विदुषी रडायची मात्र मार्कांसाठी कधी नाही. शार्पनर हरवलं म्हणून एकदा पूर्ण दुपार रडली होती.

आणि ती दाढ. सर अणूंमधले बंध कसे तुटतात ते सांगत होते. हिने हात वर केला. सरांना वाटलं शंका आहे, आणि तिच्या शंकांची सगळे सर जरा धास्ती घेत. "बोल," म्हणाले. "सर, दाढ पडली." तळहातावर दाढ. सगळा वर्ग बाकांवरून वाकून पाहू लागला. मग मागून एक मिशा फुटलेला पोरगा म्हणाला, "सर, थे कौलावर फेका लागते, नाईतर नवी येत नाई." कॉलेजला कौलं नव्हती, दोन मजल्यांची स्लॅब होती. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, पुस्तक मिटलं, आणि सगळा वर्ग पटांगणात आला. कॉलेजच्या क्रिकेट संघाचा बोलर आमच्याच वर्गात होता. त्याने दाढ पुसून घेतली, चार पावलं मागे गेला आणि असा फेकला तो चेंडू, म्हणजे दाढ, की ती थेट गच्चीवर. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या पोरांना ही मुलगी दर परीक्षेत मागे टाकत होती, त्यांनीच त्या दिवशी तिला खांद्यावर घेतलं. आमचा वर्ग कसा होता हे मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

प्रयोगशाळेत मात्र पंचाईत होती. ब्युरेट म्हणजे एक लांब, उभी काचेची नळी. तिच्यातून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचा, पाण्याला फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आकडा अगदी डोळ्यासमोर हवा, वरून किंवा खालून पाहिलं की चुकतो. माझा डोळा नेमका समोर यायचा, पण चष्म्यातूनही त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या. तिला रेघ न रेघ दिसायची, पण वरचे आकडे तिच्या डोक्याच्याही वर राहायचे. मग मी स्टूल धरायचं, तिने वर चढून दोघींचे आकडे वाचायचे. दोघी मिळून आमची एक धड विद्यार्थिनी होत होती.

परीक्षेत असं चालणार नव्हतं. त्या दिवशी मी आमच्या ह्यांचं बियाणं पाहायचं भिंग घेऊन गेले. ती आपलं स्टूल घेऊन उभी राहिली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "स्टुलावर चढून ॲसिड हाताळायचं नाही. पडलीस म्हणजे?" त्यांचं काही चूक नव्हतं. कोणाही शहाण्या माणसाने तेच म्हटलं असतं. शिपाई स्टूल घेऊन गेला. तिने टाचा उंचावल्या, उडी मारून पाहिली, आणि माझ्याकडे बघितलं. बारा महिन्यांत पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर सातवी दिसली. मी तिच्या शेजारच्या ओट्याशी, माझ्या हातात माझी ब्युरेट, आणि बोलायची बंदी. माझे हात असे कापू लागले की भिंगातून रेघाच नाचायला लागल्या.

तेवढ्यात ती एकेक वस्तू उचलून खाली ठेवू लागली. आधी स्टँड, मग फ्लास्क, मग बाटल्या. फरशी पुसून घेतली, मांडी घातली आणि आई भाकरी थापायला बसते तशी बसून गेली. नळीचं टोक हाताशी आलं आणि आकडे बरोबर डोळ्यासमोर. परीक्षक धावत आले. "हे काय चाललंय?" ती तोटीवरून नजर न काढता म्हणाली, "सर, वर चढू नको म्हनलं तुमी. खाली बसू नको असं नाई म्हनलं. आमच्या घरी सारी कामं खालीच होतात." परीक्षकांनी नियमांमध्ये काही सापडतं का ते मनात शोधलं असावं. सापडलं नाही. एक थेंब पडला, गुलाबी रंग आला आणि राहिला. आकडा तपासायला त्यांना गुडघे टेकून तिच्या शेजारी बसावं लागलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "अचूक आहे." उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो आशीर्वादाचा होता की आधाराचा, यावर वर्गात अजून दोन मतं आहेत. मी काय केलं? पदर खोचला आणि माझंही बिऱ्हाड खाली उतरवलं. जन्मभर विळीवर चाललेले हात, जमिनीवर बसल्यावर कापायचे थांबले.

सातवी टळली. ती पहिली आली, मीही पास झाले. त्याच बाकावर पुढची वर्षं गेली आणि चौदाव्या वर्षी पदवी घेऊन ती दूरच्या मोठ्या संस्थेत गेली. मी आता गावातल्या मुलींना गणित शिकवते, व्हरांड्यात खडूने घरं आखून. तिचं तिकडे किती मोठं काम चाललंय ते मला समजत नाही, पण सांगताना माझा आवाज चढतो एवढं खरं.

मधे दोन वर्षांनी ती सुटीत आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालेली, केस कापलेले. दारात वाकून नमस्कार केला आणि शुद्ध भाषेत म्हणाली, "काकू, कशा आहात?" मी म्हटलं, बरी आहे. पोहे केले, तिने "छान झालेत काकू" म्हणून खाल्ले. मोठी झाली, वळण लागलं, आनंदच आहे. तरी त्या दोन दिवसांत तिने जितक्यांदा काकू म्हटलं तितक्यांदा मला माझ्या शेजारची जागा रिकामी वाटली.

परत निघाली तेव्हा तिच्या आईबरोबर मीही स्टँडवर गेले. अकोल्याची गाडी आली, ती चढली, गाडी सुटली. वळणावर मागच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि साऱ्या शेलूबाजारला ऐकू जाईल असा आवाज आला, "ए वनिता! वनिताऽऽ! डावा पाय खाली ठेव!" स्टँडवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. वीस वर्षं मला ओळखणारा चहावाला म्हणाला, "कोनाले बलावून राह्यली व हे पोरगी? इथं कोन वनिता हाय?"

मी हात वर केला. या वेळी कोणाला ढोसावं लागलं नाही.