दुसरं घर

केळापूरजवळच्या तांड्यातला रूपसिंग सडकेवर मुकादम होता. खडी पसरून घ्यायची, रोलरपुढे पाणी मारून घ्यायचं आणि वरच्यांच्या शिव्या मुकाट गिळायच्या, यात त्याचं आयुष्य गेलं. नोकरी लोकल बोर्डाची. पगारातून फंडाची कपात व्हायची, तेवढाच वाटा बोर्डही भरायचं. सन बासष्टात बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली आणि त्याला विचारण्यात आलं: फंड घेतोस, की बोर्डाचा वाटा सोडून पेन्शन घेतोस? पेन्शन तुझ्यामागं बायकोलाही मिळेल.

रूपसिंगनं वाटा सोडला. "मी मेल्यावर माही बायको सुखी कोनापुढं हात पसरनार नाही, मास्तर," असं मला छाती फुगवून सांगून गेला. मी तांड्यावरच्या शाळेचा मास्तर. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

पुढं तो आजारी पडला. त्याची स्वतःची कपात दवाखान्यात गेली आणि पासष्टात तोही गेला. सुखीबाईला पेन्शन सुरू झाली. फार नव्हती, पण दुकानात उधारीसाठी तोंड वेंगाडावं लागत नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिच्या घराची भिंत बसली. धाकटा दीर धावजी आणि त्याची बायको रुपीबाई भले होते. त्यांनी आपल्या अंगणात तिला एक खोली उभी करून दिली. विधवेनं पुन्हा लग्न केलं की पेन्शन बंद, असा नियम. म्हणून चौकशीला एक कारकून आला. कुठं राहतेस, असं त्यानं विचारलं. घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी ही बाई मराठीत सरळ सांगून मोकळी झाली, "जुनं पडलं न जी. मंग दुसरं घर केलं, धावजीच्या आंगनात."

आता बाईनं दुसरं घर केलं म्हणजे तिनं दुसरा नवरा केला, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यात तांड्यात विधवा धाकट्या दिराकडे जाते, एवढं त्या विद्वानाला ठाऊक होतं. त्यानं तसंच लिहून नेलं. जाण्याआधी रुपीबाईच्या हातचा चहा पिऊन गेला, मेला!

पेन्शन बंद झाली. आम्ही तिघं, सुखीबाई, धावजी आणि मी, यवतमाळच्या कचेरीत गेलो. तिचं लग्न झालेलं नाही, असा तांड्याच्या नायकाचा दाखला सोबत होता.

"नायक तुमचाच, दाखलाही तुमचाच," तोच कारकून म्हणाला. "हिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

"अहो, घर म्हणजे खोली! चार भिंती!" मी ओरडलो. त्यानं पान लावायला घेतलं. धावजीची मान खाली गेली होती. ज्या भावजयीला त्यानं आईसारखं मानलं, तिचा नवरा म्हणून तो तिथं उभा होता. मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटत होतं.

सुखीबाई मात्र शांत होती. तिनं विचारलं, "मंग माह्या मालकानं सोडलेला वाटा तरी द्या जी."

"तो पेन्शनच्या बदल्यात गेला."

"अन् पेन्शन?"

"ती तुझ्या लग्नात गेली," तो हसून म्हणाला. शेजारच्या टेबलावरचेही हसले.

सुखीबाईनं सगळ्यांकडं एकवार पाहिलं.

"लग्नात गेली म्हन्ता. मंग जेवलं कोन, साहेब? नवरी तं उपाशीच हाय."