गोदाक्कांचा पाण्याचा नेम

माझ्या नणंद गोदाबाई तिसाव्या वर्षी मुतखड्याने गेल्या. त्यात माझाही हात होता, म्हणून लिहिते.

विधवा होऊन त्या बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या लालबागला आमच्याकडे, म्हणजे भावाच्या घरी आल्या आणि शिकून मास्तरीण झाल्या. सन तेहतिसात बुऱ्हाणपुरातल्या मुलींच्या शाळेत त्या एकट्याच बाई. बाई शिकवते म्हणून लोक पोरी पाठवत. अक्कांनी नोकरी सोडली तर शाळा बंद पडणार, हे सगळे जाणून होते.

शाळा एका व्यापाऱ्याच्या माडीवर. खाली परसात दिवसभर कापसाच्या गाड्या आणि हमाल. बाईमाणसाला लघवीला जायला आडोसा नाही. घर दोन मैल लांब.

आषाढात अक्का म्हणाल्या, "शारदे, चातुर्मासाचा नेम धरलाय. सूर्य मावळेपर्यंत पाणी घ्यायचं नाही."

मला केवढा अभिमान! देवळात मीच सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या रंभाबाई तर त्यांच्या पाया पडल्या. कार्तिकी झाली तरी नेम सुटला नाही. मला वाटलं, भक्ती वाढली.

चैत्रात एकदा त्या दुपारीच घरी आल्या. कंबर धरून, घामाने भिजलेल्या. माठाखालचा तांब्या उचलला.

"अक्का, हे काय! दिवस मावळायला कितीसा वेळ उरलाय? इतक्या महिन्यांचं पुण्य का घालवता?"

ओसरीवर त्यांचे भाऊ बसले होते. अक्कांनी तिकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला.

"बरं बाई. तू तर चित्रगुप्तच बसलीस माझ्या उरावर," म्हणाल्या आणि हसल्या.

आठ दिवसांत लघवीतून रक्त गेलं. वामन वैद्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

मीच पुढे होऊन सांगितलं, "त्यांचा नेम आहे ना!"

"कसला नेम? मुतखडा आहे हा. लघवीही दाबून धरता ना दिवसभर?"

अक्कांनी भिंतीकडे तोंड केलं.

वैद्य गेल्यावर म्हणाल्या, "नेम नव्हता गं. प्यायलं की जावं लागतं. हमालांच्या देखत कुठे जाऊ?"

"मग शाळेच्या कमिटीला सांगायचं!"

"सगळे पुरुष. कोणत्या तोंडाने सांगू? देवाचं नाव घेतलं की कोणी विचारत नाही. देवाला तेवढं खोटं चालेल म्हटलं."

त्या दिवसापासून मी तासातासाला पाणी पाजलं. पण लघवी अडली, थंडी वाजून ताप चढला. पाचव्या दिवशी गेल्या.

तेराव्याला रंभाबाई म्हणाल्या, "गोदाक्काचा नेम अपुरा राह्यला वं. उद्यापन करून टाका."

भटजींनी यादीसुद्धा काढली. मला सोसवेना. सगळ्या बायांसमोर म्हणाले, "नेम नव्हताच. शाळेत लघवीला जायला जागा नव्हती, म्हणून पाणी पीत नव्हत्या."

"अवं, इतक्याशा गोष्टीपायी?" रंभाबाई म्हणाल्या.

आमच्या गल्लीतल्या सरुबाईची सुनंदा आईला टेकून बसली होती. नऊ वर्षांची, अक्कांच्याच टांग्यातून शाळेत जायची. मी तिला जवळ घेतलं.

"शाळेत तू पाणी पितेस का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"बाई नको म्हणायच्या?"

"बाई तर रागवायच्या, 'पी, पी' म्हणायच्या," सुनंदा म्हणाली. "पण त्या स्वतः कुठे प्यायच्या? आम्ही सगळ्यांनीच नेम धरलाय."