झोपलेल्या बिया

रस्ता रुंद करताना कुरवंड्यातला आमच्या दारचा बहावा तोडला. आईच्या हातचं झाड. तिच्यामागे तेवढंच उरलं होतं. मी त्याच्या शेंगांतल्या बिया पेरल्या, पण एकही उगवली नाही.

ते कळल्यावर शेजारच्या मावशी आल्या. रानझाडांची रोपं करायचा त्यांना भारी नाद. गप्पा मारतानाही त्यांच्या एका हातात बी असते आणि दुसऱ्यात पॉलिश पेपर. घासणं थांबलं की बोलणंही थांबतं.

"मेल्या न्हाईत पोरी, झोपल्यात. कवच लय टणक, पानी आत शिरंना," त्या म्हणाल्या. उरलेली एकेक बी कडेला घासून त्यांनी पाण्यात भिजत घातली. बिया टम्म फुगल्यावर आम्ही त्या मातीत टाकल्या आणि मावशी रोज डोकावू लागल्या.

कोंब दिसले तशी मी त्यांना हाक मारली. वाफ्याजवळ येताना त्यांनी चपला काढल्या. वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"तुजी आई आज्जी झाली गं!"

मला मूल नाही. गावात कुणी तो विषय काढला की मी उठून जाते. त्या दिवशी मात्र मावशींच्या गळ्यात पडून मी पोटभर रडले.