मीटरची केबल आणि नायक कटरे

माझी पोस्टिंग भिलाईच्या कॅम्पवर होती. मी नगर सैनिक, म्हणजे होमगार्ड. पूर, मेळा, मिरवणूक, जिथे हात कमी पडतात तिथे आम्हाला पाठवतात. वायरलेस सेट सांभाळणं हे माझं काम. गाडी एकच होती, जुनी डिझेल जीप. ती नायक कटरे चालवायचा.

कटरेला मी आवडत नव्हते आणि मला तो आवडत नव्हता. आम्ही दोघंही मूळ गोंदियाकडचे. घरची बोली एक, म्हणून कॅम्पमध्ये सगळ्यांना वाटायचं आमचं जमत असेल. तो दुसऱ्यांशी हिंदीत नीट बोलायचा. मराठी त्याने मला टोचायला ठेवली होती.

रुटीन ठरलेलं. सकाळी रोलकॉल, पीटी, चहा. मग कटरे जीप पुसायचा. दुसऱ्या कोणाला फडकंसुद्धा लावू द्यायचा नाही.

त्या पावसाळ्यात जीपचं मीटर किरकिरायला लागलं. वेग दाखवणारा काटा एका केबलवर चालतो. बाहेर नळी, आत तार. चाकं फिरली की गिअरबॉक्सपासून ती तारही फिरते. तार सुकली किंवा नळी कुठे जास्त वाकली की ती ओरडते. आमची जरा वेग वाढला की कानात सुई घातल्यासारखी ओरडायची. सेट मीटरच्या बरोबर खाली बसवलेला. कंट्रोल काय म्हणतो ते मला अर्धंच ऐकू यायचं.

मी कटरेला सांगितलं, "नायक, केबल काढून ग्रीस लावा न. सेट ऐकू येत नाही."

"तुह्या कानात मळ हाये. गाडी बरोबर हाये."

"काटा पण नाचते."

"नाचते त नाचू दे. तुले कावून मिरची लागून राहिली?"

साहेबांसमोर माझा आवाज निघत नाही. तरी गेले. प्लाटून कमांडर साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "कटरे, कल तक ठीक करो." कटरे म्हणाला, "जी सर." बाहेर आल्यावर तो माझ्याकडे पाहून थुंकला.

त्या दिवशी त्याने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. भिलाईत त्या दिवशी वर्कशॉपवाले औजार हातात घेत नाहीत. सुपेला भागातली गॅरेजं सजतात, पण काम बंद असतं. औजारं धुवायची, पुजायची, दिवसभर आराम द्यायचा. कटरेने पाने, पक्कड, जॅक लाल कपड्यावर मांडले, कुंकू लावलं, जीपला झेंडूचा हार घातला. मी पुन्हा केबलचा विषय काढला.

"आज पान्याले हात लावला त देवाचा अपमान होते," तो म्हणाला. "चौथी शिकली हायेस, एवढं त समजत असन."

"काल कावून नाही केलं?"

"काल मन नोहतं."

दुपारी ऑर्डर आली. उतईच्या पुढे एका नाल्याला पूर होता. पलीकडच्या गावात पाणी शिरलं होतं. कटरे, मी आणि मागे तीन सैनिक, दोर आणि ट्यूब घेऊन निघालो. पाऊस चालू होता. वस्ती संपल्यावर कटरेने वेग वाढवला आणि केबल ओरडायला लागली.

सेटवर आमचं नाव आलं. "चार्ली टू, चार्ली टू..." पुढचं सगळं किरकिरीत गेलं. मी परत विचारलं. परत तसंच.

"नायक, हळू घ्या. कंट्रोल काही सांगून राहिलं."

"हळू? तिकडं लोक बुडून राहिले अन् तुले रेडिओ ऐकायचा हाये."

समोर रस्ता उतरत होता. मी मीटरच्या मागे हात घातला. केबलचा वरचा नट हातानेच फिरतो, त्याला पाना लागत नाही. तो सोडवून केबल मीटरमधून ओढली. आवाज थांबला. काटा शून्यावर पडला.

"गाडीले हात लावला? आज?" कटरे ओरडला.

सेट साफ बोलला. "चार्ली टू, रपटा डूबा है. गाड़ी पानी में मत डालना. ओव्हर."

कटरेने ब्रेक दाबला. जीप घसरत जाऊन थांबली. पुढच्या चाकांपासून थोड्या अंतरावर रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, दिसत नव्हता, नुसतं गढूळ पाणी पळत होतं. मी म्हटलं, "चार्ली टू, रॉजर."

पाण्याच्या मध्यावर एक ट्रॅक्टर बंद पडला होता. ट्रॉलीत निंदणीहून परतणाऱ्या बाया होत्या. मी कंट्रोलला कळवलं. उत्तर आलं, "बोट रवाना है. इंतज़ार करो."

ट्रॉली हलत होती. कटरेने ते पाहिलं. त्याने दोराचं एक टोक जीपच्या हुकाला बांधलं. बूट काढून सीटवर ठेवले.

मी म्हटलं, "थांबायची ऑर्डर हाये."

"तू थांब. अन् मी येईपर्यंत मीटर जोडून ठेव. नाही त घरी पायी जाशीन."

तो उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. ट्रॉलीपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. त्याने दोर ट्रॉलीला बांधला आणि बायांना एकेक करून दोरावर लावलं. तिथूनही त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. अर्ध्यावर थांबलेल्या एका बाईला तो म्हणाला, "हात सोडशीन त मीच बुडवीन तुले." तिने हात सोडला नाही. आम्ही चौघांनी काठावर त्यांना ओढून घेतलं. सगळ्या आल्या. मग ट्रॅक्टरवाला आला. त्याच्या मागे कटरे निघाला. तेव्हा ट्रॉली कलली. दोर ताणला गेला आणि तुटला.

मी सेटवर कळवलं. "चार्ली टू. नायक कटरे पानी में बह गए. ओव्हर." कंट्रोलने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला.

त्याची तेरवी होईपर्यंत जीपला कोणी हात लावला नाही. नंतर केबल मी काढली. तार गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवून बाहेर ओढली, रॉकेलने धुतली, पुसली, ग्रीस लावलं. मीटरकडच्या टोकाला लावलं नाही. तिथलं ग्रीस चढून मीटरमध्ये जातं आणि काटा चिकटतो. नळी सेट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीमागे दबून वाकली होती. ती मोकळी करून लांबून फिरवली. म्हणजे खोट सेट बसवणाऱ्याची होती. माझे कान ठीक होते. एक दिवस आधी पट्टी सैल केली असती तरी भागलं असतं, आणि ते काम कटरेचं होतं. मी हे विसरलेले नाही.

त्याची बायको सामान न्यायला आली, तेव्हा मी जीपजवळच होते. साहेब व्हरांड्यात उभे होते.

"ताई, गाडीत तुमी होत्या न?"

"हो."

"तुमच्याशी कसे वागत ते?"

"वाईट."

"घरी पन तसेच," ती म्हणाली. मग आवाज कमी करून विचारलं, "साहेब म्हनते, जय हिंद बोलून पान्यात उतरले. खरं हाये का?"

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी नाही म्हटलं.

"मंग काय बोलले?"

मी सांगितलं. मीटरचं, पायी जायचं, त्या बाईला दिलेली धमकी, सगळं त्याच्याच शब्दांत.

 तिने पदराने तोंड पुसलं.

"हे त्यायचंच बोलनं हाये," ती म्हणाली. "आता पटलं मले. गेले ते."